कंटाळ्याला ब्रेख्तचं नाव देऊ नका

गेल्या महिन्यात मामांना घेऊन एका फिल्म सोसायटीच्या खेळाला गेलो होतो. सोसायटीचं नाव आणि गाव सांगत नाही, भांडण तिच्याशी नाही. (थोडं आहे, पण असो.) मामा एसटीत वाहक होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. सिनेमाचं वेड लहानपणापासूनचं. तंबूतल्या टॉकीजपासून मल्टिप्लेक्सपर्यंत सगळं बघून झालेलं आणि बघितलेल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत. त्यामुळे 'शेतकऱ्याच्या कर्जावरचा प्रायोगिक लघुपट, नंतर दिग्दर्शकाशी गप्पा' असं वाचलं तेव्हा म्हटलं, चला, मामांना नेऊ.

लघुपट अडतीस मिनिटांचा. एक मुलगी टेबलाशी बसलेली, थेट कॅमेऱ्याकडे बघतेय. हातात कागद. कागदावरचा मजकूर ती एका सुरात वाचते, स्टेशनवरची उद्घोषणा ऐकतोय असं वाटावं. मग पडदा काळा. बराच वेळ काळाच. मग परत ती, परत कागद. मधेच वरून माइक फ्रेममध्ये डोकावतो आणि तसाच राहतो. कर्जाबद्दल कळलं ते एवढंच, की कर्ज वाईट.

गप्पांच्या वेळी मामा उठले आणि विचारते झाले, "त्या मुलीच्या बापाला कर्ज होतं किती? आणि ते विकास सोसायटीचं की सावकाराचं?"

दिग्दर्शकाचं वय असेल सव्वीस-सत्तावीस. तो हसून म्हणाला, "काका, तुम्ही गोष्टीत शिरायला बघताय. हे ब्रेख्तियन आहे. प्रेक्षकाला दूर ठेवणं हाच तर हेतू आहे."

हशा पिकला. मामा खाली बसले. एसटी स्टँड येईपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, दूरच ठेवायचं होतं तर बोलावलं कशाला?"

त्या रात्रीपासून हा लेख डोक्यात घोळतोय. कारण माझी खात्री आहे की त्या सभागृहात ब्रेख्तचा एकच माणूस होता, आणि तो एसटीचा निवृत्त वाहक होता. कर्ज किती, कुणाचं, व्याज कोण खातं, हे प्रश्न प्रेक्षकाला पडावेत म्हणून तर बर्टोल्ट ब्रेख्तने एवढा उपद्व्याप केला! प्रश्न पडलेल्या प्रेक्षकाला गप्प बसवायला त्याचंच नाव वापरलं जावं, याला काय म्हणायचं?

घोटाळा शब्दापासून सुरू होतो. ब्रेख्तचा जर्मन शब्द 'फेरफ्रेमडुंग'. मार्क्सचा शब्द वेगळा, 'एंटफ्रेमडुंग'. यंत्रापुढे राबणारा कामगार स्वतःच्याच श्रमाला, स्वतःला पारखा होतो, ते मार्क्सचं. इंग्रजीत दोन्हींना सर्रास 'एलिएनेशन' म्हटलं गेलं, आणि आपण बरंचसं इंग्रजीतूनच घेतलं, त्यामुळे मराठीतही परात्मता, दुरावा, अलिप्तता असे शब्द आले. ऐकताच वाटतं की प्रेक्षकाला कुठेतरी लांब नेऊन बसवायचंय. पण ब्रेख्तला परकं करायचं होतं ते प्रेक्षकाला नव्हे, समोरच्या गोष्टीला. जे रोज बघून बघून दिसेनासं झालंय, 'असंच असतं' म्हणून आपण सोडून दिलंय, ते एकदा अनोळखी करून समोर ठेवायचं. म्हणजे माणूस म्हणेल, थांबा जरा, हे असंच का?

१९३८ साली त्याने यासाठी एक साधा दाखला लिहून ठेवलाय. रस्त्यावर अपघात झालाय. ज्याने तो पाहिला तो जमलेल्या लोकांना सांगतोय : ड्रायव्हर असा आला, म्हातारा असा चालत होता. तो ड्रायव्हर 'होत' नाही. हातवारे करून दाखवतो, मधेच थांबतो, कुणी म्हणालं 'नाही हो, तो डाव्या बाजूने आला' तर परत करून दाखवतो. आणि लोक? लोक काय दूर असतात? गराडा घालून उभे असतात, टाचा उंचावून बघत असतात, कारण चूक कुणाची हे ठरवायचं असतं. ब्रेख्तला असा प्रेक्षक हवा होता. विशीतच त्याने लिहून टाकलं होतं की नाटकवाल्यांनी बॉक्सिंगच्या सामन्याचा प्रेक्षक बघावा. तो जाणकार असतो, ओरडतो, पैसे वसूल करतो आणि त्याला मजा येते. कंटाळा हा शब्द ब्रेख्तच्या कोशात शिवीसारखा होता.

आणि भावना? ब्रेख्तला भावनेचं वावडं होतं असं म्हणणाऱ्यांनी त्याचा १९३०चा तो प्रसिद्ध तक्ता अर्धाच वाचलेला असतो. एका बाजूला जुनं 'नाट्यमय' रंगभूमीचं वर्णन, दुसऱ्या बाजूला नव्या 'महाकाव्यात्मक' रंगभूमीचं. त्या तक्त्याखालीच त्याने बजावलंय की हे परस्परविरोधी दोन खण नाहीत, फक्त जोर कुठे द्यायचा त्यातला फरक आहे. १९४९ साली बर्लिनमध्ये 'मदर करेज' झालं तेव्हा हेलेना वायगेलने मुलगा मेल्याचं कळल्यावर तोंड उघडून आवाज न काढलेली किंकाळी दिली. तिची छायाचित्रं आजही नाटकाच्या पुस्तकांतून छापतात. ती बघून कुणाला थंडपणा जाणवत असेल तर त्याने डॉक्टरला दाखवावं.

आता सिनेमाकडे येतो. सिनेमाची आणि ब्रेख्तची एक गाठ कोर्टात पडली. 'थ्रीपेनी ऑपेरा'वर पाब्स्टने १९३१ साली सिनेमा केला, आणि आपल्या संहितेला बगल दिली म्हणून ब्रेख्त त्याआधीच निर्मात्यांविरुद्ध न्यायालयात गेला. हरला. पण हरलेल्या खटल्यावर त्याने एक लांबलचक निबंध लिहिला आणि त्यात एक मुद्दा मांडला, जो पुढच्या पन्नास वर्षांतल्या प्रायोगिक सिनेमाला पुरून उरला. मुद्दा असा : क्रुपच्या कारखान्याचा फोटो काढला तर त्यातून क्रुपच्या कारखान्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही. भिंती दिसतात, धुराडी दिसतात. कुणाची मजुरी किती, नफा कुठे जातो, हे फोटोत नसतं. ते दाखवायचं तर काहीतरी रचावं लागतं, कृत्रिमपणे उभं करावं लागतं.

कॅमेरा आपोआप खरं सांगतो हा सिनेमाचा मोठा भ्रम आहे आणि ब्रेख्तचा हल्ला त्यावर आहे. नाटकात पडदा, मेकअप, प्रॉम्प्टर असतो, खोटेपणा उघडच असतो. सिनेमात तो दिसत नाही. म्हणून नाटकातली युक्ती उचलून सिनेमात ठेवली की काम भागत नाही. नाटकात नट तुमच्याकडे वळला तर तो तुम्हाला खरोखर बघतो. तुम्ही खोकलात तर थांबतो. पडद्यावरचा नट बघतो ती भिंगाची काच. त्याने तुमच्याकडे कितीही रोखून बघितलं तरी तुम्ही त्याला दिसत नाही! त्या अडतीस मिनिटांच्या लघुपटातली मुलगी कागद वाचत आमच्याकडे बघत होती ना, ती आमच्याकडे बघतच नव्हती. ज्यांना हा फरक कळला त्यांनी सिनेमाच्या स्वतःच्या सामानातून, कापणीतून, ध्वनीतून, अगदी हिशेबाच्या वहीतून नव्या युक्त्या शोधल्या. ज्यांना कळला नाही त्यांनी कृती पाठ केली.

शोधणाऱ्यांचं सुरुवातीचंच उदाहरण म्हणजे १९३२चा 'कूले वाम्पे'. दिग्दर्शक स्लाटान दुदोव, पटकथेत ब्रेख्त आणि एर्न्स्ट ओटवाल्ट, संगीत हान्स आइस्लरचं. बर्लिनमधली बेकारी. सुरुवातीला तरुण पोरं सायकली दामटत कामाच्या शोधात या कारखान्यातून त्या कारखान्यात जातात, नुसती चाकं फिरताना दिसतात. त्यातला एक घरी येतो. घरी बोलणी. तो खिडकीशी जातो, मनगटावरचं घड्याळ काढतो, काळजीपूर्वक बाजूला ठेवतो आणि उडी मारतो. रडारड नाही, संगीताचा कल्लोळ नाही. घड्याळ वाचवलं पाहिजे, कारण त्याला किंमत आहे. त्याला स्वतःला नाही. मला विचाराल तर मरणाआधीच्या कितीतरी सिनेमाई भाषणांपेक्षा ते घड्याळ जास्त बोलतं. आणि रडू येतं, हेही सांगून ठेवतो.

या सिनेमावर आधी बंदी आली, मग काटछाट करून परवानगी. सेन्सॉरशी झालेली बोलाचाली ब्रेख्तने लिहून ठेवलीये आणि ती फार मजेची आहे. सेन्सॉरची तक्रार आत्महत्या दाखवली ही नव्हतीच. तक्रार ही, की तुम्ही एका दुर्दैवी जीवाची कहाणी दाखवत नाही. दाखवली असती तर आम्हालाही वाईट वाटलं असतं आणि विषय संपला असता. तुमचा तो पोरगा काकडी कशी सोलायची याचं प्रात्यक्षिक द्यावं तशी उडी मारतो! त्यामुळे हा एकाचा प्रश्न न राहता एका वर्गाचा होतो. ब्रेख्त बाहेर आला तो त्या माणसाचा आदर घेऊनच. कौतुक करणाऱ्या समीक्षकांपेक्षा आपल्या सिनेमातलं मर्म याला जास्त कळलं, असं त्याचं म्हणणं. (१९३३ साली नाझी आले आणि सिनेमावर पुन्हा बंदी आली. त्यांनाही कळलं असणार.)

माझ्यापुरती मी एक कसोटी केलीये. असला सिनेमा बघून ज्यांच्या शेपटीवर पाय पडायला हवा ते चिडतात का? की फक्त मामांसारखा साधा प्रेक्षक खजील होतो? त्या दिवशी सभागृहात ना सावकार चिडला, ना बँकेचा अधिकारी. अपमान झाला तो कर्जाविषयी विचारणाऱ्याचा.

गोदारचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि आपल्याकडच्या हौशी मंडळींनी सर्वांत जास्त वाटोळं त्याच्याच उदाहरणाचं केलंय. 'विव्ह्र सा व्ही' (१९६२) बारा प्रवेशांत कापलेला, प्रत्येकाआधी पाटी. झालं, लोकांनी पाट्या उचलल्या. पण १९७२चा 'तू व्हा बियाँ' बघा, जो त्याने जाँ-पियेर गोरँबरोबर केला. सुरुवातच चेकबुकाने होते. एक हात सह्या करतोय, चेक फाडतोय : छायाचित्रणाचे इतके, ध्वनीचे इतके, नटांचे इतके. मागून आवाज समजावतो की सिनेमा करायचा तर पैसे लागतात, पैसे हवेत तर स्टार लागतात. आणि खरंच जेन फोंडा आणि इव्ह माँताँ येतात. संप झालेल्या कारखान्याची पुढची भिंतच काढून टाकलीये, मुलींच्या खेळातल्या भातुकलीच्या घरासारखी. वरच्या मजल्यावर काय चाललंय, खालच्या मजल्यावर काय, जिन्यात कोण, सगळं एकदम दिसतं. क्रुपच्या फोटोत जे दिसत नाही ते दाखवायला कारखानाच कापून ठेवला! आणि ही कल्पना आली कुठून? जेरी लुईसच्या 'द लेडीज मॅन' (१९६१) या विनोदी सिनेमातून. संपकऱ्यांनी मॅनेजरला कोंडून ठेवलंय आणि त्याला लघवीला लागलीये. कामगारांना त्यासाठी मिनिटं मोजून मिळत, तोच हिशेब आता साहेबांना. साहेब इकडून तिकडे धावतायत. मामा हे बघून खुर्चीतून पडले असते हसून. सांगायचा मुद्दा, गंभीर म्हणून मिरवल्या जाणाऱ्या या परंपरेत विनोद काठोकाठ भरलाय, आणि आपले अनुयायी नेमका तोच वगळून बाकीचं घेतात.

हारून फारोकीचा 'निष्ट लोशबारेस फॉयर' म्हणजे 'न विझणारी आग' (१९६९). जेमतेम पंचवीस मिनिटांचा. त्यात खुद्द फारोकी टेबलाशी बसून कॅमेऱ्याकडे बघत कागद वाचतो. हो, अगदी आमच्या लघुपटासारखाच! व्हिएतनाममधल्या एका माणसाची साक्ष आहे, त्याच्यावर नापाम पडलेलं. वाचून झाल्यावर फारोकी म्हणतो त्याचा मतलब असा : भाजलेली माणसं दाखवली तर तुम्ही डोळे मिटाल. आधी चित्रांपुढे, मग आठवणीपुढे, मग वस्तुस्थितीपुढे. मग तो शेजारची पेटती सिगरेट उचलतो आणि स्वतःच्या हातावर विझवतो. आवाज शांतपणे सांगतो की सिगरेट सुमारे ४०० अंशांवर जळते, नापाम सुमारे ३,००० अंशांवर.

टेबल तेच, कागद तोच, नजर तीच. मग फरक कुठला? फारोकीने प्रेक्षकाला एक माप हातात दिलं. सिगरेटचा चटका कुणाला माहीत नाही? त्या माहीत असलेल्या गोष्टीवरून न पाहिलेल्या गोष्टीपर्यंत जायला पायरी दिली. पुढे सिनेमा नापाम बनवणाऱ्या अमेरिकेतल्या डाऊ केमिकलमध्ये शिरतो आणि दाखवतो की काम इतकं तुकड्यातुकड्यांत वाटलंय की आपण काय बनवतोय हे बनवणाऱ्यालाच धड दिसू नये. शेवटी एकच नट तीन वेळा येतो. एकदा कामगार होऊन सांगतो, मी व्हॅक्यूम क्लीनरच्या कारखान्यात आहे, बायकोसाठी रोज एकेक भाग चोरून नेतो, पण घरी जोडला की मशीनगनच होते. मग विद्यार्थी होऊन सांगतो, कारखान्यात मशीनगन बनतात असा मला संशय आहे, पुरावा म्हणून रोज एकेक भाग नेतो, पण जोडला की व्हॅक्यूम क्लीनरच होतो. मग इंजिनिअर. आता सांगा, हा विनोद गावच्या पारावर कुणाला कळणार नाही?

सगळेच असे गमतीदार नव्हते हे मान्य. ज्याँ-मारी स्ट्रॉब आणि दानिएल विये हे जोडपं या परंपरेतलं सर्वांत कडक. त्यांचा 'गेशिश्ट्सउंटररिष्ट', म्हणजे 'इतिहासाचे धडे' (१९७२), ब्रेख्तच्याच सीझरवरच्या अपुऱ्या कादंबरीवर बेतलेला. प्राचीन रोमन वेशातला सावकार सीझरच्या देण्याघेण्याविषयी बोलतो, समोर ऐकणारा तरुण आजच्या कपड्यांत. आणि मधे तीनदा तो तरुण मोटार घेऊन रोमच्या गल्ल्यांतून हिंडतो. कॅमेरा मागच्या सीटवर, कट नाही, मिनिटंच्या मिनिटं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी झोपलो, लाज कसली? दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा लक्षात आलं की सावकाराचं ऐकून झाल्यावर गल्लीतली माणसं वेगळी दिसायला लागतात. कोण ओझं वाहतंय, कोण दुकानात बसलंय. ऐकलेलं जिरायला तो वेळ दिलाय. तिथे संथपणाला नेमून दिलेलं काम आहे. पण हे पथ्य झेपायला त्यांच्यासारखी तयारी लागते. नुसता उपास करून कुणी वैद्य होत नाही.

आणखी एक घोळ सांगून टाकतो, कारण तो विशेष आपल्याकडचा आहे. फिल्म सोसायट्यांमध्ये ब्रेख्त आणि ब्रेसाँ यांची सर्रास खिचडी होते. नटाने चेहरा कोरा ठेवायचा, वाक्यं सपाट म्हणायची, ही रीत फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँची. त्याला नट नकोच होते, तो त्यांना 'मॉडेल' म्हणे. अभिनय गाळून टाकला की आतलं काहीतरी आपोआप उमटेल अशी त्याची श्रद्धा होती, जवळजवळ धार्मिक. ब्रेख्तचं याच्या बरोबर उलट. त्याला कसलेले नट लागत, वायगेल, पीटर लोरे, चार्ल्स लॉटन. 'दाखवणारा' नट हा 'होणाऱ्या' नटापेक्षा जास्त कुशल लागतो, कमी नाही. दोघंही थोर, पण एकाचा सपाट सूर आणि दुसऱ्याच्या पाट्या एकत्र केल्या की ना देव भेटतो ना कर्जाचा आकडा कळतो.

इथे कुणीतरी नक्की म्हणणार, 'अहो, ब्रेख्त कशाला, आपल्या तमाशात हे सगळं आधीपासून होतंच की!' गण, गवळण, वग, सोंगाड्या मधेच गोष्ट सोडून समोरच्या पाटलाची फिरकी घेतो, वगैरे. हे ऐकून छाती फुगते खरी, पण मला पटत नाही. जे प्रेक्षकाच्या सवयीचं आहे ते त्याला धक्का कसा देणार? खुद्द ब्रेख्तने १९३५ साली मॉस्कोत चिनी नट मेई लानफांगला पाहिलं आणि तो थक्क झाला. त्यावरच्या लेखातही त्याने हे ताडलं होतं की चिनी रंगभूमीचे हेतू आपल्या हेतूंहून निराळे आहेत, उसनी घ्यायची ती तंत्रं. सोंगाड्या प्रेक्षकाशी बोलतो हे तंत्र झालं. तो काय मोडतो, हा खरा प्रश्न.

म्हणूनच 'घाशीराम कोतवाल' एवढं झोंबलं. तेंडुलकरांनी कीर्तन, गण, लावणी सगळं ओळखीचं घेतलं, पण कीर्तन आणि लावणी एकमेकांत घुसवली. ब्राह्मणांची ओळ नाचते, गाते, पाठ फिरवते की तिची भिंत होते, आणि भिंतीआड काय चाललंय हे सगळ्यांना ठाऊक. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक बंद केलं. ज्यांच्या शेपटीवर पाय पडायचा होता त्यांना बरोबर कळलं, बर्लिनच्या त्या सेन्सॉरसारखं. पुढे १९७६ साली युक्त फिल्म को-ऑपरेटिव्हच्या तरुणांनी, म्हणजे मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा, कमल स्वरूप वगैरेंनी, त्यावर सिनेमा केला. तेही पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेले. सिनेमा धाडसी आहे, दिसतो सुंदर, पण मला तो नाटकाइतका बोचत नाही. रंगमंचावरची माणसांची भिंत श्वास घेते, घामेजते, तुमच्यापासून वीस फुटांवर असते. पडद्यावर आली की ती एक देखणी रचना होते. आधी म्हटलं तेच. नाटकाची युक्ती सिनेमात जशीच्या तशी चालत नाही. मराठी रंगभूमीला ब्रेख्त भेटला तो गाण्यांतून, हशांतून. विजया मेहतांचं 'अजब न्याय वर्तुळाचा' असो की पु. लं.चा 'तीन पैशाचा तमाशा'. तोच ब्रेख्त फिल्म सोसायटीत शिक्षा होऊन का भेटावा?

बंगालमध्ये निराळं घडलं. ऋत्विक घटक इप्टाच्या नाटकांतून आलेले, ब्रेख्तची नाटकं त्यांनी बंगालीत नेलेली. पण 'मेघे ढाका तारा' (१९६०) बघून कुणाची छाती आहे त्याला थंड म्हणायची! तो तर रडवून रडवून मारतो. आणि ऐन रडण्याच्या क्षणी, नीता प्रियकराच्या घरातून फसवणूक ओळखून जिना उतरते तेव्हा ध्वनिपट्टीवर चाबकाचा फटकारा येतो. चाबूक कुठेच नाही. तुम्ही दचकता, तिच्यासाठी रडायचं की तिला असं झिजवणाऱ्या घराकडे बघायचं, क्षणभर कळत नाही. रडणं आणि विचार करणं एकाच वेळी. हीच माणसं १९६०च्या दशकात पुण्यात शिकवायला होती, आणि आपण त्यांच्याकडून काय उचललं? काळा पडदा.

आज तर कॅमेऱ्याकडे बघून बोलणं ही जगातली सर्वांत ओळखीची गोष्ट झालीये. टूथपेस्टच्या जाहिरातीतला डॉक्टर बोलतो, पुढारी बोलतो, रीलमधली ताई मिसळ खाता खाता बोलते. माइक फ्रेममध्ये दिसणं ही फॅशन आहे. गोदारच्या उड्या मारणाऱ्या कटांनी आता मोबाइल विकले जातात. १९६२ साली ज्याने प्रेक्षक दचकला, त्याने आज त्याला पेंग येते. अशा वेळी तीच कृती, तेच टेबल, तोच कागद घेऊन 'हे ब्रेख्तियन आहे' म्हणणं म्हणजे आजोबांचा कोट घालून क्रांती करायला निघणं. उलट २०१३च्या 'फँड्री'त नागराज मंजुळेंनी काय केलं? पूर्ण वेळ गोष्टीत गुंतवून ठेवलं आणि शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्याकडे आला. आमच्या थिएटरात पुढच्या रांगेतल्या बाईंनी खरोखर मान खाली घातली. कुणी त्याला ब्रेख्तियन म्हटलं नाही, कुणाला समजावूनही सांगावं लागलं नाही. तोवर जब्यासाठी हळहळणारा प्रेक्षक एका क्षणात दगड मारून घेणाऱ्यांत जाऊन बसला.

गेल्या रविवारी मामांना घरी बोलावलं आणि मृणाल सेनचा 'इंटरव्ह्यू' (१९७१) लावला. आधी काहीही सांगितलं नाही. कलकत्त्यातला रणजित, चांगली नोकरी मिळायची संधी, पण मुलाखतीला साहेबी सूट हवा. ट्राममधून जाताना शेजारची मुलगी मासिकात त्याचाच फोटो बघते. तो आपल्याकडे वळून सांगतो की मी स्टार वगैरे नाही, माझं नाव खरंच रणजित मल्लिक, मी एका साप्ताहिकात काम करतो, प्रुफं तपासतो, आणि हे मृणाल सेन सकाळपासून माझ्यामागे कॅमेरा घेऊन लागलेत. लगेच ट्राममध्ये कॅमेरा धरून उभा असलेला के. के. महाजन दिसतो. घरातल्या आईविषयी सांगतो की ही माझी आई नाही, ही 'पथेर पांचाली'तली करुणा बॅनर्जी. मामा पुढे सरकून बसले. शेवटी सूट मिळत नाही, धोतर नेसून गेलेल्या रणजितला नोकरी मिळत नाही. आणि मग अंधारातून एक आवाज त्याची उलटतपासणी घेतो. तो आवाज प्रेक्षकाचा असतो. दिग्दर्शकाने प्रेक्षकाला सिनेमातच जागा करून दिलीये, प्रश्न विचारायला! रणजित चिडतो, दुकानाच्या काचेतल्या पुतळ्यावर धावून जातो, त्याच्या अंगावरचा सूट ओरबाडतो.

संपल्यावर मामा बराच वेळ चहा ढवळत बसले. मग म्हणाले, "मला एक सांग. त्या पोराला साप्ताहिकात नोकरी खरोखरची होती ना? मग नोकरी गेली ती कुणाची?"

मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"थांब," मामा म्हणाले, "ते ट्राममधलं परत लाव."